न जळणारं कापड

सुशांत परब वाईट माणूस नाही. नाहूरच्या त्या गल्लीत कोणालाही विचारा, हेच सांगतील. गल्लीच्या बापाचं काय जातंय सांगायला. गणपतीत मांडव घालण्यापासून विसर्जनापर्यंत राबतो, शेजारच्या म्हाताऱ्याला हाताला धरून रिक्षात बसवून देतो, बायकोवर कधी आवाज चढवत नाही. वर आणि विधवा वहिनीला सांभाळतो, हे तर लोक दोनदोनदा सांगतात. सांभाळतो म्हणजे नेमकं काय करतो, ते मात्र कोणी विचारत नाही.

गॅरेज मूळचं थोरल्या भावाचं, बाळाचं. जुन्यापुराण्या गाड्या खोलायच्या, गंज काढायचा, पुन्हा लग्नाच्या नवरीसारख्या उभ्या करायच्या, हा धंदा. बाळा काविळीने गेला आणि गॅरेज सुशांतकडे आलं. गॅरेजबरोबर वहिनीही आली, रत्नप्रभा. मूलबाळ नाही, मालवणात माहेरी कोणी उरलेलं नाही. बाळा असताना ती मागच्या बिल्डिंगीतल्या घरात राहायची. सुशांतचं लग्न झालं आणि ते घर एकदम लहान झालं. मग तिचं अंथरूण गॅरेजच्या पोटमाळ्यावर गेलं. सकाळी घरचा स्वयंपाक आणि धुणी, दुपारनंतर माळ्यावर बसून पाइपांना पट्ट्या गुंडाळायच्या. ह्याला सांभाळणं म्हणतात.

पट्ट्यांचं असं आहे. गाडीचा धूर नेणारा पाइप इंजिनातून निघतो आणि बसणाऱ्याच्या पायांखालून मागे जातो. जुन्या गाड्यांत तो असा तापतो की वरची फळी करपते, तळवे भाजतात. म्हणून त्याला न जळणारं कापड गुंडाळायचं. पूर्वीच्या गाड्यांना कंपनीतूनच गुंडाळलेलं यायचं. आणि ते पूर्वीचं कापड परबांकडे होतं. सुशांतचा बाप गुणाजी गिरणीत बॉयलरखात्यात होता. गिरणीला टाळं लागलं तेव्हा कोणी पितळ उचललं, कोणी तांबं, आणि ह्या भोळ्या सांबाने आणली पांढऱ्या कापडाची गाठोडी. बायकोने कपाळावर हात मारला. तो म्हणाला, "निखाऱ्यावर टाकून बघ, जळलं तर नाव बदलीन." तिने टाकलं. जळलं नाही. नाव राहिलं, पण माणूस फार राहिला नाही. खोकून खोकून गेला. लोक म्हणाले, कापसाने छाती धरली. गिरणीवाल्यांची धरायचीच.

गुंडाळायची रीत रत्नप्रभेने सासऱ्याचं बघून उचललेली. पट्टी रात्रभर पेजेत भिजत घालायची. ओलीच्या ओली ताणून पाइपावर घ्यायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर चढवायचा, शेवटाला तारेचा पीळ. वाळली की अशी बसते की हातोडी मारली तरी हलायची नाही. पहिल्यांदा इंजिन चालू केलं की भात करपल्याचा वास सुटतो आणि पट्टीवर तपकिरी डाग पडतात, एवढंच. गिऱ्हाइकांना त्याचं काही नव्हतं. बॉनेटच्या आत कोण बघतंय?

मुकुल बघणारा निघाला. मुलुंडचा आर्किटेक्ट, माणूस अत्यंत सभ्य, प्लीज आणि सॉरीशिवाय वाक्य नाही. आजोबांची गाडी त्याला रॅलीत उतरवायची होती, आणि नुसती उतरवायची नव्हती, पहिली आणायची होती.

"मागच्या वर्षी काचेच्या धाग्याची पट्टी लावली होती," तो म्हणाला. "परीक्षकाने बॉनेट उघडलं आणि चक्क हसला. तुमच्याकडे ओरिजिनल आहे असं कळलं."

"एकदम ओरिजिनल," सुशांत म्हणाला. माळ्यावरून एक गाठोडं आणलं आणि रुबाबात टेबलावर आपटलं. भुस्सकन धूळ उडाली. मुकुलने खिशातला रुमाल काढून नाकाला लावला आणि तो मागे सरकत सरकत थेट रस्त्यावर जाऊन उभा राहिला. सुशांतला वाटलं, साहेबाला धुळीची ॲलर्जी असेल. तो हसत बाहेर गेला.

"अहो, हसताय काय? हे ॲस्बेस्टॉस आहे."

"पत्र्यात असतं ते?"

"पत्र्यात सिमेंटने बांधलेलं असतं. हे मोकळं आहे. ह्याची धूळ छातीत गेली की तिथेच बसते, बाहेर येत नाही. वीस-तीस वर्षांनी माणूस संपतो. औषध नाही त्यावर."

सुशांतला बाप आठवला. रात्री भिंतीला टेकून बसलेला, तोंड उघडं टाकून हवा ओढणारा. तर कापूस नव्हता तो. खोटं कशाला बोला, तेवढा क्षण तो माणसासारखा वागला.

"मग नको लावायला?" त्याने विचारलं.

"नाही नाही, लावायचंय. तेच तर हवंय मला," मुकुल रुमालाआडून म्हणाला. "फक्त ते डाग नकोत. तुम्ही पेजेत भिजवता ना, सॉरी, पण ते नको. पांढरं शुभ्र हवं. कोरडं गुंडाळा. करतं कोण हे, तुम्ही?"

"नाही, वहिनी करतात."

"त्यांचं वय काय?"

"पंचावन्न होतील."

मुकुलने क्षणभर विचार केला. "मग ठीक आहे," तो म्हणाला.

सुशांतला कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर त्याला बरंच वाटलं. खरंच की. पंचावन्नात तीस मिळवले की पंच्याऐंशी. परबांच्या घरात पंच्याऐंशी कोणी बघितलीत? शिकलेल्या माणसाने हिशेब करून दिला की कसं मन हलकं होतं. त्याने मान डोलावली आणि काम घेतलं.

माळ्यावर जाऊन त्याने वहिनीला फर्मान सोडलं, ह्यापुढे पेज बंद.

"कोरडी पट्टी बसाची नाय, भावोजी," रत्नप्रभा म्हणाली. "आणि धूळ किती उडतली. जुना कापड ता, आधी झाडूक होया."

"मग झाडा. तुम्हाला काय, झाडलोट जमत नाही?"

"काय होणा नाय ना पण? डोळ्यांक, घशाक?"

"काही होत नाही. कापूसच आहे तो," सुशांत म्हणाला. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता, आत आला नव्हता. "आयुष्यभर हात लावताय, झालं का काही?"

आता बघा, ह्या बाईला कोणी काही सांगितलं की ते तिच्या दृष्टीने पक्कं. नवरा गेल्यापासून घरातला कर्ता हा, त्याचा शब्द म्हणजे शब्द. तिने पेजेचं पातेलं घासून पालथं घातलं. दुसऱ्या दिवसापासून ती कापड उलगडून दोन्ही हातांनी फडाफडा झाडायची, कौलातल्या काचेतून येणाऱ्या उन्हात बारीक बारीक कण तरंगत राहायचे, आणि त्यात बसून ती पट्ट्या कापायची. कोरडी पट्टी निसटायची, पुन्हा उलगडावी लागायची, पुन्हा झाडावी लागायची. संध्याकाळी तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. "आजी झाली गो आमची वैनी," असं सुशांत मेकॅनिकांसमोर म्हणायचा, आणि तीही हसायची.

सुशांतचं माळ्यावर जाणं बंद झालं. पाइप जिन्याखाली ठेवायचा आणि हाक मारायचा. झालेले पाइप तिनेच खाली आणायचे, ओल्या फडक्याने पुसून. घरात यायचं तर आधी गॅरेजच्या मोरीत डोक्यावरून अंघोळ, माळ्यावरचं लुगडं माळ्यावरच. "ग्रीसचा वास येतो हो," असं त्याने कारण दिलं. स्वतःच्या घराची अशी काळजी घेणारा माणूस विरळा.

पावसाळ्याच्या सुमाराला तिला खोकला लागला. कोरडा, ठसक्याचा, थांबता थांबेना. ती म्हणाली, महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन येते. आता दवाखान्यात डॉक्टर छातीचा फोटो काढायला लावणार, आणि विचारणार, काय काम करता बाई. सुशांतच्या हे लगेच ध्यानात आलं. एवढी अक्कल त्याला होती.

"खोकल्यासाठी कसला दवाखाना? दिवसभर बसवून ठेवतील," तो म्हणाला. त्याने तिला खडीसाखर आणि ज्येष्ठमध आणून दिलं. तिला इतकं भरून आलं की तिने ते शेजारणीला दाखवलं. "भावोजींनी आणल्यानी, माज्यासाठी."

मुकुलची गाडी पहिली आली. पांढऱ्या शुभ्र पाइपाचा फोटो सगळ्या जुन्या गाडीवाल्यांत फिरला, आणि नाहूरच्या गॅरेजसमोर तसल्याच आणखी तीन गाड्या येऊन लागल्या. सगळ्यांना पांढरंच हवं. कापड अजून बरंच होतं. वहिनीही होती. पण तिला कळलं असतं तर एका दुपारीत सगळं आटपलं असतं. तिने कात्री खाली ठेवली असती आणि गल्लीत सांगितलं असतं. सुशांतचं नाव आणि गॅरेजचं नाव एकदमच मोरीत गेलं असतं. त्यामुळे त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

ह्याच सुमाराला ऋतिकाला, त्याच्या बायकोला, दिवस गेले. लग्नाला आठ वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, नवस झाले, दोन्हीकडच्या बायकांची कुजबुज झाली, आणि आता कुठे. सुशांत वेडाच झाला म्हणा ना. ऋतिकाला खाली वाकू देईना, मच्छरची अगरबत्ती घरात बंद, रंग लावलेला पाळणा नको म्हणून साध्या लाकडाचा आणला. मुलगी झाली. तिचं नाव गार्गी ठेवलं. इवलासा जीव, त्याचं बोट घट्ट धरायची आणि सोडायची नाही, आणि सुशांत तासभर तसाच वाकून उभा राहायचा, कंबर मोडली तरी. गॅरेजातून आला की कोपरापर्यंत साबण लावायचा आणि मगच दारातून बघायचा. ह्या माणसाला माया कळत नव्हती असं नाही. त्याला ती कळत होती, आणि तरीही.

ऋतिकाची आई दहिसरला, गुडघ्यांनी घरात बसलेली. मग बाळंतपण करायचं कोणी? रत्नप्रभेने. तिच्या अंगात जसं वारं शिरलं. स्वतःचं मूल नाही, नवऱ्याचा वंशही पुढे गेला नाही, आणि आता ह्या हातांत बाळ आलं. बाळंतिणीची खोली तिने ताब्यात घेतली. खिडक्या बंद, फटींना जुनी लुगडी. बाळंतिणीला वारं लागता कामा नये. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खोबरेल कोमट करून मालिश, आंघोळ, ओव्याची आणि लसणीच्या सालींची धुरी. आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, सकाळ-संध्याकाळ. ऋतिका कुरकुरली, वहिनी, हल्ली कोणी शेक घेत नाही. पण रत्नप्रभेपुढे तिचं काय चालणार?

"कंबर जन्माची जाता नायतर," ती म्हणायची. मधेच खोकायची, तोंडावर पदर धरून, बाळाकडे पाठ करून.

पुरुषांनी त्या खोलीत फार जायचं नाही, ही तिचीच शिस्त. सुशांत उंबऱ्यातूनच बघायचा आणि तिथून त्याला कोपऱ्यातली खाट धुरात जेमतेम दिसायची. सव्वा महिना असाच होत आला. उद्या न्हाण घालून ऋतिका बाहेर येणार होती, देवळात जाणार होती. त्या सकाळी तिनेच गॅरेजात फोन केला.

"सुशांत, लवकर ये, अरे ती हसतेय बघ. खरंच हसतेय."

तो हातातला पाना टाकून जिने चढला, कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेला. ऋतिका भिंतीला टेकून बसली होती. खाटेखाली शेगडी, वर गार्गी, उघडी, तेलाने चकाकणारी, हातपाय झाडत होती आणि तोंडाचं बोळकं उघडून हसत होती. तो खाली वाकला. तिच्या पाठीखाली घडी घातलेलं जाड पांढरं कापड होतं. विणीचं. कडेला धागे सुटलेलं. त्यातला एक धागा तिच्या ओल्या हनुवटीला चिकटला होता.

सुशांतने तिला उचलली, झडप घालून उचलली म्हणायला हवं. ती दचकून रडायला लागली.

"काय झाला?" रत्नप्रभा धावत आली. "भाजला काय चेडवाक?"

"हे काय आहे?" त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "हे इथे कोणी घातलं?"

"मी," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं. "बॉयलराच्या दारावर टाकायचा मोठा कापड होता ना मामंजींचा, गाठोड्याच्या तळाक गावला. ह्या कापड जळणा नाय. निखाऱ्याची ठिणगी उडली तरी चेडवाक काय होवचा नाय. पयल्या दिसापासून घातलंय. धुवन, उनात सुकवन, मगे घातलंय हां."

पहिल्या दिवसापासून. सुशांतच्या डोक्यात आकडे उभे राहिले, तेच ते मुकुलवाले. वीस. तीस. पंचावन्नात मिळवायला किती सोपे होते. आता ते शून्यात मिळवायचे होते. वीस वर्षांची गार्गी, कॉलेजात जाणारी. तीस वर्षांची गार्गी, भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून बसलेली. तोपर्यंत दररोज सकाळी उठून तिच्या श्वासाकडे कान लावायचा. आणि कोणाला काही विचारायचं नाही.

"काय रे?" ऋतिकाने विचारलं. ती आता सरळ बसली होती. "काही होतं का त्या कापडाने?"

रत्नप्रभाही त्याच्याकडे बघत होती. तिच्या हातात तेलाची वाटी होती. "तुमीच सांगलास ना, भावोजी," ती हळूच म्हणाली, "कापूस आसा, काय होणा नाय म्हणान. म्हणान घातलंय. नायतर कशाक घालतंय मी?"

इथे देवाने त्याच्यासाठी दार सताड उघडं ठेवलं होतं. हो, होतं, एवढंच म्हणायचं होतं. मग ऋतिकाने विचारलं असतं, तुला कधीपासून माहीत आहे. आणि ही दुसरी बाई, जी त्याच्या पोरीच्या तोंडावर खोकला जाऊ नये म्हणून पाठ फिरवते, तिला आपला खोकला कसला आहे ते कळलं असतं. ती काही बोलली नसती कदाचित. नुसतं बघितलं असतं. ते बघणं सुशांतला नको होतं. ह्यापेक्षा खोल काही त्याच्या मनात होतं असं कोणी समजू नये.

"नाही," तो म्हणाला. "काही होत नाही. ते... मळलंय फार, म्हणून म्हटलं. दुसरं काहीतरी घाला. दुपटं घाला."

ऋतिकाने सुटकेचा श्वास सोडला. "केवढा घाबरवलास रे. मला वाटलं विंचू बघितलास."

गार्गी रडतच होती. तिला घेऊन बाहेर पडावं म्हणून तो दाराकडे वळला. त्याने कडी काढली, तोच ऋतिका मागून कडाडली, "दार उघडू नकोस हां. नुकती अंघोळ झालीय तिची, वारं लागेल. शेवटचा दिवस आहे, कशाला विषाची परीक्षा?"

त्याने कडी पुन्हा लावली.

"मळला?" रत्नप्रभा अपराधी होऊन पुटपुटली. सव्वा महिन्यात तिच्या हातून घडलेली ही पहिली चूक, आणि तीही भावोजींनी दाखवलेली. "खराच. राखाडी पडली आसा वायच. थांबा, झाडून ठेवतंय."

"वहिनी, राहू दे," तो म्हणाला.

पण ती झाली होती सुरू. तिने कापडाची दोन टोकं पकडली, हात डोक्याच्या वर नेले आणि दाणकन खाली आणले. पुन्हा वर, पुन्हा खाली. माळ्यावर वर्षभर करत आली होती तशी, सवयीने, मन लावून. बंद खोलीत लुगड्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती. ती आधी रिकामी होती. मग तिच्यात पांढरे कण आले, आणखी आले, आणि संथपणे खाटेवर, लाडवांच्या डब्यावर, ऋतिकाच्या केसांवर उतरायला लागले.

सुशांतने स्वतःचा श्वास कोंडला. तेवढं त्याला सुचलं. गार्गीचं तोंड त्याने छातीशी दाबलं, पण ती जोराने रडत होती, आणि रडणारं मूल मध्ये मध्ये केवढा मोठा श्वास घेतं ते त्याला त्या दिवशी कळलं. मग ती रडायची थांबली, नाक आक्रसलं आणि शिंकली.

रत्नप्रभेने झाडायचं थांबवलं. खोकत खोकत ती जवळ आली, पदराने तिने बाळाचं नाक पुसलं आणि तिच्या कानशिलांवरून बोटं फिरवून स्वतःच्या डोक्याशी मोडली.

"म्हातारी हो गो बाये," ती म्हणाली. "शंभर वरसां जग."

मग तिने कापडाची नीट घडी घातली आणि ती सुशांतच्या काखेत दिली. मोठं होतं, चांगलं होतं, एका गाडीचा अख्खा पाइप निघाला असता त्यात.